जेवणाच्या वेळी येणारे डॉक्टर

डॉक्टरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "शेवटचं लग्न कुणाचं जेवलात?"

मी क्ष-किरण विभागात नुकती रुजू झाले होते. वय लग्नाचं, घरात रोज तोच विषय. त्यामुळे मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "मावसबहिणीचं. माझं ठरलेलं नाही."

"ते मी विचारलं नाही. पंगतीत शेवटपर्यंत बसलात, की मधेच उठलात?"

"शेवटपर्यंत. जिलेबीसुद्धा घेतली."

"छान. म्हणजे आपली अन्ननलिका ठीक आहे. कामाला लागा."

पेठेतल्या एका जुन्या धर्मादाय रुग्णालयातली ही गोष्ट. रंगीत टीव्ही घरोघर नुकते येऊ लागले होते आणि पुण्यात अजून सायकलींना मान होता. डॉक्टर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले. वॉर्ड झाडणाऱ्या बाईपासून रुग्णालयाच्या विश्वस्तांपर्यंत सगळ्यांना सारख्याच थंडपणे 'अहो' आणि 'आपण' म्हणणारे. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यावर कुणी गौरवअंक काढला नाही, आणि काढला असता तर त्यांनी त्यातल्या छपाईच्या चुका तेवढ्या लाल पेन्सिलीने दाखवून तो परत पाठवला असता.

ते पोटाचे डॉक्टर होते, पण त्यांचा जीव एकाच आजारात अडकला होता. हा आजार फार लोकांना होत नाही. घशातून घास खाली उतरतो, पण अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथलं तोंड उघडतच नाही. स्नायू घट्ट मिटलेला राहतो. घास वर साचतो, छाती भरून येते, मग माणूस पाणी पितो, उठून फेऱ्या मारतो, हात वर करून अंग ताणतो. कधी त्या वजनाने दार किलकिलं होऊन अन्न खाली उतरतं, कधी सगळं उलटून वर येतं. असा माणूस हळूहळू चारचौघांत जेवणं टाळतो. आजार कधी सुरू झाला असं विचारलं तर त्याला सांगता येत नाही. "झाली की दोन-चार वर्षं" एवढंच म्हणतो. पण शेवटचं लग्न कुणाचं जेवलात असं विचारलं की तो थांबतो, आठवतो, आणि एकदम गप्प होतो. तारीख तिथे सापडते, असं डॉक्टर म्हणायचे.

'कसं वाटतंय?' या प्रश्नाला त्यांच्या खोलीत बंदी होती. एका शिकाऊ डॉक्टरने तो एकदा विचारला आणि पेशंट "बरं वाटतंय" म्हणाला, तेव्हा डॉक्टरांनी त्या पोराला बाहेर नेलं. "अहो, बरं वाटतंय हा पुण्यातला शिष्टाचार आहे, ते लक्षण नव्हे. आपले आजोबा शेवटच्या दिवशी काय म्हणाले होते?" पोरगा बिचारा खाली बघत म्हणाला, "बरं आहे म्हणाले होते." डॉक्टर "मग?" म्हणाले आणि आत गेले.

त्यांचा विश्वास फोटोवर. पेशंटला उभं करायचं, बेरियमचं खडूसारखं पांढरं पाणी पेलाभर प्यायला लावायचं, लगेच एक फोटो काढायचा आणि थोडा वेळ थांबून दुसरा. ते पाणी कालवण्याचं काम माझ्याकडे होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना ती चव सोसेना म्हणून मी त्यात थोडं गुलाबाचं सरबत घातलं, तर डॉक्टर म्हणाले, "बाई, आपण समारंभ करताय का?" पेशंट पडद्यामागे उभा राहून घोट घ्यायचा आणि डॉक्टर समोरच्या पडद्यावर ती पांढरी रेघ उतरताना बघायचे. त्या वेळी त्यांचा स्वतःचा कंठमणीही पेशंटबरोबर वर-खाली व्हायचा. पेशंटचा घोट अडकला की डॉक्टरही अडकायचे. मान पुढे, तोंड मिटलेलं, श्वाससुद्धा थांबलेला. आम्ही सगळे यावर हसायचो. पुढे एकदा माझ्या लक्षात आलं की मीही तसंच करायला लागले आहे.

उपचार तेव्हा दोन होते. एक म्हणजे फुगा. नळीने तो त्या मिटलेल्या तोंडापर्यंत न्यायचा आणि तिथे फुगवून स्नायू ताणायचा. दुसरा म्हणजे शस्त्रक्रिया, पोट उघडून तो स्नायूच कापायचा. फुगा लावल्यावर बहुतेकांना लगेच बरं वाटायचं. प्रश्न एवढाच असायचा की ते टिकेल का. आणि याचं उत्तर डॉक्टर एका शब्दात द्यायचे. फुग्यानंतरचे फोटो काचेवर लावायचे, दुसऱ्या फोटोत ते पांढरं किती उरलंय ते बघायचे आणि म्हणायचे, "राहील." किंवा, "राहणार नाही."

पेशंट हातात नारळ-पेढे घेऊन उभा असायचा. सकाळीच पोळी-भाजी खाऊन आलेला. "अहो डॉक्टर, मी जेवतोय ना!" डॉक्टर म्हणायचे, "जेवताय, कारण आपण इतकी वर्षं न जेवण्याची सवय केलीत. नळी ताणून पिशवी झाली, तिला आता दुखतसुद्धा नाही. आपल्याला जे कळत नाही ते फोटोला कळतं." आणि मग त्यांचं आवडतं वाक्य यायचं, "फोटोला भीड नसते."

त्यांचं भाकीत चुकायचं नाही. तरुण माणसाच्या बाबतीत ते आधीच सावध असायचे. म्हणायचे, तरुण स्नायू हट्टी असतो, ताणला तरी पुन्हा मिटतो, म्हाताऱ्याचा बिचारा ऐकतो. एका बँकेत कारकून असलेल्या तरुणाला त्यांनी "राहणार नाही, शस्त्रक्रिया करून घ्या" असं सांगितलं. तो चिडून निघून गेला. वर्ष उलटायच्या आत परत आला तेव्हा गालफडं बसलेली होती. त्याची आई सगळ्या ओपीडीसमोर ओरडली, "तुम्ही बोललात म्हणून झालं! काळी जीभ तुमची!"

रुग्णालयात हे नाव आधीपासूनच होतं, फक्त तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. डॉक्टर त्या बाईंना म्हणाले, "जीभ काळी असेल माझी. फोटो मात्र पांढरा आहे." सगळे हसले. पण त्या दिवशी दुपारी ते आमच्या खोलीत डबा खायला आले, डबा उघडून बसले आणि तसाच झाकून परत घेऊन गेले. त्या मुलाची शस्त्रक्रिया झाली, तो चांगला झाला. आई आभार मानायला काही आली नाही.

आता त्यांच्या खऱ्या खुळाबद्दल सांगते. डॉक्टर पेशंटच्या घरी जायचे, तेही न कळवता आणि बरोबर जेवणाच्या वेळी. पुण्यात हे करणं म्हणजे काय, हे पुण्यात राहिलेल्यालाच कळेल. माझी आई हे ऐकून म्हणाली, "घरी शिकवलं नाही वाटतं काही." मी डॉक्टरांना म्हटलं, निदान फोन करून जावं. ते म्हणाले, "फोन केला तर खिमट करतील. मला भाकरी बघायची आहे."

फोटो असताना घरी कशाला जायचं, असंही मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "बाई, फोटो नळीचा असतो. जेवतो तो माणूस." दोन्हींचा मेळ बसला पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं. बसला नाही तर ते अस्वस्थ व्हायचे.

ते कसबा पेठेत राहायचे आणि जवळपासच्या पेशंटकडे चालतच जायचे. तिथल्याच एका बोळात राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकांकडे मी त्यांच्याबरोबर गेले होते. दार अर्धंच उघडलं. "डॉक्टर, ही कुणाकडे जायची वेळ आहे का?"

"हीच आहे. आपण जेवा, मी बघतो."

"मी काय प्राणिसंग्रहालयात आहे?"

"तिथे खायला घालायच्या वेळा ठरलेल्या असतात. आपल्याकडे तशी पाटी नाही, म्हणून अंदाजाने आलो."

बाई दार पूर्ण उघडून म्हणाल्या, "पाट मिळणार नाही."

"उभा राहतो."

आणि खरंच ते स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. बाईंनीही त्यांच्याकडे ढुंकून न पाहता आमटीभात, पोळी, शेवटी ताकभात असं सगळं शिस्तीत खाल्लं. पाण्याचं भांडं भरलेलं होतं तसंच राहिलं. जिना उतरताना डॉक्टर म्हणाले, "राहील." बाई पुढे खूप वर्षं जगल्या आणि रस्त्यात भेटल्या की मला सांगायच्या, "तुमच्या त्या डॉक्टरांना म्हणावं, अजून जेवते."

लांबच्या पेशंटकडे जायला मात्र त्यांना स्वारगेटला जाऊन बस पकडावी लागे आणि ती जेवणाच्या वेळेला कधीच पोचत नसे. मी मोपेड घेतली त्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "बाई, आपली गाडी दोघांची आहे का?"

"गाडी दोघांची आहे. पुणं नाही."

"पुण्याला सवय होईल," असं म्हणून ते मागे बसले. टाय लावलेले, मांडीवर ब्याग, दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर. पुण्याला सवय झाली की नाही माहीत नाही, माझ्या आईला मात्र शेवटपर्यंत झाली नाही.

अशीच मी त्यांना आबांकडे घेऊन गेले.

आबा कात्रजच्या बाजूचे शेतकरी. गाव तेव्हा गावच होतं, पण शहर रस्त्याच्या वळणापर्यंत येऊन पोचलं होतं. आबांच्या गोठ्यात म्हशी, दूध रोज डेअरीला जायचं. माणूस ऐसपैस, मोठ्या आवाजाचा. त्यांच्या दारातून कुणी न जेवता गेलं नव्हतं अशी त्यांची ख्याती होती. डॉक्टरांनी त्यांना शेवटच्या लग्नाबद्दल विचारलं तेव्हा आबा हसता हसता थांबले. "पुतणीचं," ते म्हणाले. "त्येच्यानंतर भावकीत लई लग्नं झाली. म्या न्हाई बसलो. वाढायला उभा ऱ्हायलो. वाढप्याला कुनी इचारत न्हाई, तू जेवला का म्हनून."

फुगा लावला. आबा दुसऱ्या दिवशी "लई ब्येस हाय" म्हणाले. मी फोटो काढले. दुसऱ्या फोटोत ते पांढरं जवळजवळ तसंच उभं होतं. डॉक्टर काचेसमोर बराच वेळ थांबले, मग म्हणाले, "राहणार नाही." आबांना आणि त्यांच्या कारभारणीला, मी त्यांना मावशी म्हणायचे, समोर बसवून त्यांनी समजावलं की आता अंगात ताकद आहे तोवर शस्त्रक्रिया करून घ्या. आबा म्हणाले, "आवो, पर म्या जेवतोय की." शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून दिवसही ठरला. आबा हो म्हणाले ते केवळ डॉक्टरांचा मान राखायला.

त्याच्या आदल्या रविवारी डॉक्टर म्हणाले, "चला, एकदा बघून येऊ." आम्ही पोचलो तेव्हा आबा नुकते ताटावर बसत होते. डॉक्टरांना बघून ते उठलेच. "सायेब! माझ्या घरी!" डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सांगून पाहिलं की मी उभा राहतो, आपण जेवा. तिथे ते कोण ऐकतंय. पाट आले, तांब्या आला, हात धुवायला पाणी आलं. पाहुणा जेवल्याशिवाय यजमान जेवणार नाही हे लक्षात आल्यावर डॉक्टर मुकाट्याने बसले. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा, वाटीत घट्ट दही. आबा त्यांच्या शेजारी बसले आणि बोलत बोलत जेवले. रस्त्यासाठी जमीन मागायला आलेल्या माणसांना त्यांनी कसं परतवलं ते सांगितलं. डॉक्टरांच्या ताटात आग्रहाने अर्धी भाकरी वाढली, आपल्याही घेतली. डॉक्टरांचं लक्ष त्यांच्या गळ्यावर होतं. आबांनी ताट स्वच्छ केलं, बोट फिरवून पिठलं पुसून घेतलं, उठले, म्हणाले, "आलोच, जरा म्हशींकडं बघून." थोड्या वेळाने टॉवेलने तोंड पुसत हसत परत आले. डॉक्टरांना पान लावून दिलं.

परतताना कात्रजच्या उतारावर माझी गाडी खडखडत होती आणि मागे डॉक्टर नाट्यगीत गुणगुणत होते. मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं. स्वारगेटच्या गर्दीत गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "बाई, फोटो चुकला. मी चुकलो." आणि थोड्या वेळाने, "चुकण्यात किती आराम असतो हो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शस्त्रक्रिया रद्द केली. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर चकित झाले. फोटो समोर धरून त्यांनी विचारलं, हे काय मग? डॉक्टर म्हणाले, "माणूस जेवतोय. मी पाहिलंय." माझ्या मनातही शंका आली नाही. उलट मला आनंद झाला होता. इतकी वर्षं हा माणूस लोकांना वाईट तेच सांगत आला आणि ते खरं होत आलं, निदान एकदा तरी ते खोटं ठरावं असं मलाही वाटत होतं.

पावसाळा संपता संपता मावशी आबांना रिक्षात घालून घेऊन आल्या. मी ओळखलंच नाही. खांद्यांची हाडं सदऱ्यातून दिसत होती, ताप होता, आणि खोकला असा की बोलणं पुरं होत नव्हतं. साचलेलं अन्न झोपेत उलटून श्वासनलिकेत जात होतं आणि दोन्ही फुप्फुसं त्याने भरत आली होती. आडवं झालं की घुसमटायचं म्हणून ते कित्येक दिवस भिंतीला टेकून बसूनच झोपत होते. त्यांना आत घेतल्यावर मावशी व्हरांड्यात बसल्या. डॉक्टर तिथे आले आणि, जे मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं, त्यांच्याशेजारी बाकावर बसले.

"मावशी, मी आलो होतो त्या दिवशी ते पोटभर जेवले. मी शेजारी होतो."

मावशींनी पदराने डोळे पुसले. "जेवले. आन् गोठ्याच्या मागं जाऊन समदं वकले. म्या बघितलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्येंनी शपथ घातली. म्हनले, सायेब पयल्यांदा आपल्या घरी जेवाया बसला. त्येच्या म्होरं मालकानंच ताटावरनं उठायचं? पाहुन्याच्या घशाखाली घास उतरंल का मग?"

मी दाराशी उभी होते. मला डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले, ते गुडघ्यांवर पालथे ठेवलेले होते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आबांच्या भिडेने तर त्यांना मरणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं. आणि जो माणूस आयुष्यभर भिडेवर टपून होता, तो तिच्याच पंगतीला बसून फसला होता. आज मला वाटतं, त्यांना नुसतं आबांनी फसवलं नाही. त्यांना त्या दिवशी फसायचंच होतं.

"माझी चूक झाली," डॉक्टर म्हणाले. "फोटो बरोबर होता. मी शस्त्रक्रिया थांबवायला नको होती."

मावशी म्हणाल्या, "तुमची कशी? जेवलं कोन आन् वकलं कोन?" आणि लगेच, "सायेब, जगतील का?"

तो एकच शब्द सांगण्यात ज्यांची हयात गेली ते डॉक्टर म्हणाले, "मला माहीत नाही."

अशा अवस्थेत शस्त्रक्रिया करता येत नव्हती. पोटाला बाहेरून छिद्र पाडून एक नळी थेट जठरात घातली. डॉक्टरांनी मावशींना स्वतः शिकवलं, पातळ खीर, वरणाचं पाणी, ताक कसं गाळायचं, कसं हळूहळू सोडायचं, आधी आणि नंतर नळीत साधं पाणी कसं घालायचं. आबा शुद्धीवर असले की त्या नळीकडे बघायचे. एकदा म्हणाले, "चव कुटं लागती ह्यात?" आणि भिंतीकडे तोंड वळवलं. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. छातीचा फोटो मी काढायचे आणि ओली फिल्म घेऊन धावत जायचे. डॉक्टर ती खिडकीच्या उजेडात धरायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "राहतील ना हो?"

"विचारू नका, बाई."

दुपारी आमच्या खोलीत डबा खायला येणं त्यांनी सोडलं. पेशंटच्या घरी जाणंही सोडलं. माझी मोपेड रुग्णालयाच्या अंगणात उभी राहू लागली. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर चांगले होते, त्यांनी एका शब्दानेही टोचलं नाही. त्याचाही यांना त्रासच झाला असणार. कुणी रागावलं असतं तर बरं, अशी त्यांची चाल झाली होती.

आबा वाचले. फार हळूहळू. छाती मोकळी झाली, अंगावर थोडं मांस आलं आणि थंडीच्या दिवसांत शेवटी शस्त्रक्रिया झाली. मग परत ते पांढरं पाणी, परत पडदा. आबांनी घोट घेतला आणि मी पाहिलं, रेघ कुठेही न थांबता सरळ खाली गेली. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. दुसऱ्या फोटोत नळी रिकामी होती. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, "झालं!" आबा म्हणाले, "लई ब्येस." सगळे आमच्या डॉक्टरांकडे बघायला लागले. ते म्हणाले, "फोटो चांगला आहे." आणि फिल्म पाकिटात घातली.

मावशींनी सोडलं नाही. दर तपासणीला विचारायच्या, "सायेब, आता तरी सांगा की, ऱ्हाईल का?" डॉक्टर फोटो पुन्हा बघायचे. फोटो बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला होता, आणि माणूस घालवत आणला होता. आता ते कशाच्या आधारावर बोलणार? उन्हाळ्यात एकदा मावशी म्हणाल्या, "तुम्ही न्हाई सांगितलं तर ह्ये परत लपिवतील. आन् मला झोप लागत न्हाई. रातभर त्येंचा श्वास आयकत बसती." तेव्हा डॉक्टरांनी हातातला फोटो खाली ठेवला.

"रविवारी येतो," ते म्हणाले. "जेवायला नाही. आपली सगळ्यांची जेवणं उरकल्यावर."

आबा दुखावले. "असं कसं? माझ्या दारातनं उपाशी?"

"मी घरून जेवून येणार. आणि आबा, माझ्यासाठी पाट मांडलात तर मी परत जाईन."

आम्ही दुपार कलायच्या आत पोचलो. ताटं उचलली जात होती. आबांनी काय खाल्लं ते डॉक्टरांनी विचारलंच नाही. ओसरीवर एक घोंगडी पसरलेली होती, तिच्या कडेला भिंतीशी ते बसले, मी उंबऱ्याजवळ. आबा खुशीत होते. सरकारी मोजणीवाले आले होते, कोपऱ्यावरच्या शेतात कुणी इमारत बांधणार होतं, म्हशीला पारडू झालं होतं. डॉक्टर हं हं करत होते. आबा मधेच म्हणाले, "सायेब, बोला की कायतरी, नुसतं काय बघताय?" डॉक्टर म्हणाले, "बघण्यासाठीच आलोय."

मग बोलणं विरळ होत गेलं. उन्हाची झापड होती. म्हशींच्या शेपट्यांचा तेवढा आवाज येत होता. आबांनी एक जांभई दिली, पाय पसरले आणि भिंत सोडून घोंगडीवर पाठ टेकली. उशी नाही, पाठीमागे वळकटी नाही, भरल्या पोटी अगदी सपाट. मावशी राखेचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर किंचित पुढे वाकले. त्यांचा श्वास थांबलेला मला दिसत होता. आम्ही तिघंही खोकला यायची वाट बघत होतो. आबांचा गळा एकदा हलला, त्यांनी काहीतरी गिळलं, आणि मग तोंड उघडं पडून ते घोरायला लागले.

किती वेळ गेला कोण जाणे. ऊन ओसरीची कड सोडून अंगणात गेलं. खोकला आला नाही. डॉक्टर भिंतीला हात धरून हळूच उठले आणि मावशींकडे बघून त्यांनी होकारार्थी मान हलवली. मावशी मटकन खाली बसल्या आणि आवाज होऊ नये म्हणून त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला.

डॉक्टर चपला हातात घेऊन अंगणात उतरले. मी गाडीची किल्ली लावली, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"इथे सुरू करू नका," ते कुजबुजले. "रस्त्यापर्यंत ढकलत नेऊ."

मी हँडल धरलं. त्यांनी ब्याग काखेत मारली, मागून गाडीला हात लावला आणि ते अनवाणीच त्या तापलेल्या वाटेवरून ढकलू लागले.